फसवणे की भुलवणे? 'पाता' या हिब्रू क्रियापदाविषयी

बेळगाव आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय यांचं नातं सांगायचं तर बाबा पदमनजींपासून सुरुवात करावी लागते. १८३१ साली ते बेळगावात जन्मले, १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८५७ साली त्यांचं 'यमुनापर्यटन' आलं आणि १८८८ साली 'अरुणोदय' हे आत्मचरित्र. आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. पण पदमनजी कोशकारही होते. मोल्सवर्थच्या अवाढव्य कोशाचा हाताशी बाळगण्याजोगा संक्षेप त्यांनी केला. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत नेमका कुठे बसतो, याचा विचार करण्यात या माणसाची बरीच वर्षं गेली.

आमच्या मंडळात त्या काळातलं ख्रिस्ती मराठी वाचायला घेतलं, की चर्चा मिशन, शाळा, छापखाने आणि धर्मांतरं यांच्याभोवती फिरते. शब्दांपर्यंत आपण क्वचित पोचतो. म्हणून या लेखात एकच शब्द घेतला आहे. हिब्रूतलं 'पाता' हे क्रियापद. पे, ताव, हे ही त्याची मूळ अक्षरं. जुन्या करारात ते एकूण तीस वेळाही येत नाही. पण त्याचा अर्थ काय लावायचा यावर एका संदेष्ट्याचं देवाशी असलेलं नातं ठरतं, म्हणून हा खटाटोप.

ते ठिकाण म्हणजे यिर्मयाच्या पुस्तकाचा २० वा अध्याय, ७ वं वचन. प्रसंग असा. यरुशलेमच्या मंदिरातला मुख्य अधिकारी पशहूर याजक यिर्मयाला मारहाण करवतो आणि खोड्यात अडकवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याला सोडतात. त्याच अध्यायात पुढे यिर्मया देवाशी जे बोलतो, ते भक्ताचं बोलणं वाटत नाही, भांडण वाटतं. पहिल्याच तीन शब्दांत 'पाता' दोनदा येतं: 'पित्तीतानी' आणि 'वा-एप्पात'. पहिल्यात कर्ता देव, दुसऱ्यात यिर्मया. 'तू मला असं केलंस, आणि माझं तसं झालं.' हे 'असं' म्हणजे काय? 'फसवलंस' म्हणावं, तर देव खोटारडा ठरतो. 'समजावलंस' म्हणावं, तर मग हा माणूस एवढा कळवळतोय कशासाठी?

हा प्रश्न मराठीतून विचारण्याला आपल्याकडे परंपरा आहे, ती थोडक्यात सांगतो. गोव्यात फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. त्यात जुन्या करारातली कथा ओव्यांतून सांगितली आहे. पण ते पुराण आहे, वचनागणिक भाषांतर नाही. वचनागणिक भाषांतराचं काम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरी यांनी हाती घेतलं. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ साली कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएलांसाठी हिब्रू व्याकरणाची ओळख मराठीत छापली. म्हणजे हिब्रू क्रियापदांची रूपं मराठीतून शिकण्याची सोय जवळपास दोनशे वर्षांपूर्वी झाली होती. आणि पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याच्या अखेरीपर्यंत खपून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते छापून झालं. त्यामुळे 'हिब्रूतल्या या शब्दाला मराठीत काय म्हणायचं' हा आपल्या इतिहासातलाच प्रश्न आहे. मात्र कोणत्या आवृत्तीने काय छापलं याला मी इथे गुण देत बसणार नाही. आधी शब्द नीट समजून घेऊ.

सुरुवात 'पेती' या नामापासून करू. नीतिसूत्रांत हा माणूस वारंवार भेटतो. पेती म्हणजे ज्याच्या मनाला दार आहे पण कडी नाही, असा. १४ व्या अध्यायाच्या १५ व्या वचनात त्याची खूण दिली आहे: कुणी काहीही सांगो, तो विश्वास ठेवतो. पण पेती हा दुष्ट नव्हे. स्तोत्रसंहितेच्या ११६ व्या स्तोत्रात देव पेतींना सांभाळतो असं म्हटलं आहे. मराठीत याला 'भोळा' हा जवळजवळ नेमका शब्द आहे. 'भोळा शंकर' म्हणताना आपण कौतुक करतो आणि 'काय भोळा आहेस रे' म्हणताना कीव करतो. पेतीतही ही दोन्ही टोकं आहेत.

आता क्रियापद. साध्या रूपात 'पाता' म्हणजे पेतीसारखं होणं, भोळं पडणं, मनाने कुठेतरी ओढलं जाणं. अनुवादाच्या ११ व्या अध्यायात इस्राएल लोकांना बजावलं आहे की तुमचं मन असं होऊ देऊ नका, नाहीतर परक्या देवांकडे वळाल. ईयोब ३१ व्या अध्यायात शपथेवर सांगतो की सूर्यचंद्र पाहून माझं मन गुपचूप तसं झालेलं नाही. या दोन्ही जागी समोर खोटं बोलणारा कुणी नाही. सूर्य काही ईयोबाला थाप मारत नाही. जे घडतं ते मनात घडतं. होशेयाच्या ७ व्या अध्यायात एफ्राइमला याच शब्दाने कबुतर म्हटलं आहे: अक्कल नसलेलं, एकदा मिसरला हाक मारणारं, एकदा अश्शूरकडे उडणारं. इथेही फसवणारा कुणी नाही. भुलणारा मात्र आहे.

हिब्रूत अशा साध्या क्रियापदाचं मधलं अक्षर दुहेरी केलं की बऱ्याचदा 'तसं करायला लावणं' असा अर्थ येतो. या रूपाला 'पिएल' म्हणतात. आपल्या व्याकरणात याच्या जवळचं म्हणजे प्रयोजक: बसणे-बसवणे, हसणे-हसवणे, भुलणे-भुलवणे. 'पाता' भुलणे असेल, तर 'पित्ता' भुलवणे. यिर्मयाचं 'पित्तीतानी' हे पिएल आहे. 'वा-एप्पात' हे 'निफाल', म्हणजे आपल्यावर काही होऊ देण्याचं रूप. त्यात कर्मणीही आहे आणि थोडी स्वतःची मान्यताही.

पिएलची उदाहरणं पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात कायदा आहे: वाङ्‌निश्चय न झालेल्या कुमारिकेला एखाद्याने 'पित्ता' करून तिच्याशी संग केला, तर त्याने तिचा वधूमोल देऊन तिच्याशी लग्न करावं. बाप नाही म्हणाला तरी पैसे भरावेच. बळजबरीचे कायदे वेगळे, ते अनुवादाच्या २२ व्या अध्यायात, आणि तिथली क्रियापदंही वेगळी. निर्गमातल्या कायद्यासाठी मराठीत शब्द शोधावा लागत नाही, रोजच्या वर्तमानपत्रात तो छापलेला असतो: फूस लावणे. फूस लावणाऱ्याने थाप मारली होती का, वचन दिलं होतं का, हे तो कायदा विचारत नाही. ती गेली ती स्वतःच्या पायाने, पण पाय वळवले त्याने. जबाबदारी त्याच्यावर येते ती एवढ्यासाठी.

शास्ते या पुस्तकात शमशोनाच्या गोष्टीत हा शब्द दोनदा आहे. १४ व्या अध्यायात पलिष्टी त्याच्या बायकोला म्हणतात, नवऱ्याला 'पित्ता' कर आणि कोड्याचं उत्तर काढून घे. ती काय करते? रडते. तुझं माझ्यावर प्रेमच नाही म्हणते, मेजवानीचे दिवस संपेपर्यंत त्याला छळते. १६ व्या अध्यायात दलीलाला हेच काम सांगितलं जातं आणि तीही रोज रोज तगादा लावते, शेवटी त्याचा जीव नकोसा होतो. दोघी काही थाप मारत नाहीत. खरं तर दलीलेच्या गोष्टीत थापा मारतो तो शमशोन, तेही तीनदा. आपण मराठीत म्हणू: गळ घातली, लाडीगोडी लावली, लकडा लावला. 'फसवलं' म्हणणार नाही.

आणि नीतिसूत्रांच्या २५ व्या अध्यायात, १५ व्या वचनात, तर धीराने वागलं की राजाधिकाऱ्याचंही 'पाता' होतं असं शहाणपण सांगितलं आहे. इथे 'फसवणे' घातलं तर वचनाचं वाटोळं होईल. मन वळतं, एवढंच म्हणायचं आहे. होशेयाच्या २ ऱ्या अध्यायात देव म्हणतो की दूर गेलेल्या बायकोला, म्हणजे इस्राएलला, मी 'पित्ता' करून रानात नेईन आणि तिच्या मनाशी बोलेन. ही रुसलेल्या बायकोची मनधरणी आहे. फसवून रानात नेणं म्हणजे काय, हे तर कुणालाही कळतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग झालं की! 'पाता' म्हणजे मन वळवणं. प्रकरण मिटलं. इतक्या लवकर मिटत नाही. दुसरी बाजूही तितक्याच काळजीने मांडायला हवी.

स्तोत्रसंहितेच्या ७८ व्या स्तोत्रात लोक देवाला तोंडाने 'पित्ता' करतात आणि पुढच्याच अर्ध्या ओळीत जिभेने खोटं बोलतात असं आहे. नीतिसूत्रांच्या २४ व्या अध्यायात विनाकारण साक्ष देणाऱ्याला ओठांनी 'पित्ता' करू नकोस म्हणून ताकीद आहे. पहिल्या राजांच्या २२ व्या अध्यायात तर स्वर्गातला दरबार भरतो आणि अहाब राजाला कोण 'पित्ता' करील असा प्रश्न येतो. एक आत्मा पुढे होऊन म्हणतो, मी. कसा? त्याच्या सगळ्या संदेष्ट्यांच्या तोंडात असत्याचा आत्मा होऊन. इथे खोटं आहेच, नाकारता येणार नाही.

पण नीट पाहा. या तिन्ही जागी खोटेपणा वेगळ्या शब्दांनी किंवा वेगळ्या संदर्भाने सांगावा लागला आहे. एकीकडे जीभ आणि असत्य, एकीकडे साक्ष आणि ओठ, एकीकडे तोंड आणि असत्याचा आत्मा. 'पाता' हे एकटं क्रियापद खोट्याचा भार वाहत नाही. ते फक्त मन कसं ओढलं गेलं ते सांगतं. कशाने ओढलं ते शेजारचे शब्द सांगतात: रडणं, धीर, प्रेम किंवा खोटं.

दुसऱ्या शमुवेलातलं एक उदाहरण मला इतिहासाच्या अभ्यासकासाठी फार मोलाचं वाटतं. अबनेर दावीदाकडे तहाचं बोलणं करायला येतो आणि सुखरूप परत जातो. मग सेनापती यवाब येऊन दावीदाला म्हणतो, तो तुला 'पित्ता' करायला आला होता, तुझं येणंजाणं हेरायला. कथेत मात्र अबनेर तसं काही करताना दिसत नाही. हा आरोप आहे आणि आरोप करणारा यवाब स्वतः दोन ओळींनंतर अबनेराला वेशीत बाजूला घेऊन ठार करतो. म्हणजे शब्द भरवशाचा असला तरी बोलणारा भरवशाचा असतोच असं नाही. आपण जुनी पत्रं वाचतो त्यात 'अमुक फितूर झाला', 'तमुकाने फितवलं' असं येतं. तिथेही हाच प्रश्न विचारायला हवा: हे म्हणतंय कोण? (आणि जाता जाता, 'फितवणे' आणि 'पित्ता' यांचं कानाला साम्य वाटलं तरी त्यावर इमले बांधू नका. 'फितूर' आपल्याकडे आला तो फारसी-अरबीच्या वाटेने.)

आता टीकाकारांकडे वळतो. अब्राहम जोशुआ हेशेल यांनी 'द प्रॉफेट्स' या १९६२ सालच्या ग्रंथात यिर्मयाच्या या वचनाचं फार प्रभावी वाचन केलं. त्यांचं म्हणणं असं की 'पाता' हा निर्गमातल्या कायद्याचा शब्द, कुमारिकेला नादी लावण्याचा. त्याला जोडून येणारा 'हझाक' हा अनुवादातल्या बळजबरीच्या कायद्याचा. म्हणजे यिर्मया देवाशी आपलं नातं या दोन टोकांच्या भाषेत बोलतोय: आधी मला भुलवलंस, मग माझ्यावर बळ वापरलंस. वाचताना अंगावर काटा येतो. पुढच्याच वचनात यिर्मया 'अत्याचार, लूट' म्हणून ओरडतो आणि अनुवादातल्या कायद्यातही मुलीच्या ओरडण्याला महत्त्व आहे, हे हेशेल यांच्या बाजूचं.

तरी माझी हरकत आहे, आणि ती व्याकरणाची आहे. अनुवादात 'हझाक'चं जे रूप आहे ते 'हेहेझिक', म्हणजे हाताने पकडणं, धरणं. यिर्मयाचं रूप साधं आहे: 'हझाक्तानी', माझ्यापेक्षा तू बलवान ठरलास. हेच साधं रूप पहिल्या राजांच्या १६ व्या अध्यायात आहे. तिथे अम्रीच्या मागचे लोक तिब्नीच्या मागच्या लोकांना भारी पडतात, आणि अम्री राजा होतो. तिथे बलात्काराचा काही संबंध नाही, दोन पक्षांची झुंज आहे. एका शब्दाला एका कायद्याचा वास लागला म्हणून प्रत्येक ठिकाणी तोच वास घ्यायचा, हे वाचन जोरकस असलं तरी पक्कं नाही.

दुसरं मत डेव्हिड क्लाइन्स आणि डेव्हिड गन यांचं. १९७८ साली 'व्हेटस टेस्टामेंटम' या नियतकालिकात त्यांनी दाखवलं की 'पित्ता' म्हणजे मन वळवण्याचा प्रयत्न. प्रयत्न यशस्वी झाला की नाही ते पुढचा शब्द सांगतो. हे निरीक्षण मला फार उपयोगी वाटतं, आणि तपासून पाहण्यासारखं आहे. पाहा: दलीलेला पलिष्टी सांगतात, त्याला 'पित्ता' कर, म्हणजे आपण त्याच्यावर 'याखोल' होऊ. याखोल म्हणजे शकणे, सरशी होणे. अहाबाच्या गोष्टीत देव त्या आत्म्याला म्हणतो, तू 'पित्ता' करशील आणि 'याखोल'ही होशील. नीतिसूत्रांच्या १ ल्या अध्यायात पापी लोकांनी तुला 'पित्ता' केलं तरी तू कबूल होऊ नकोस, असा बापाचा उपदेश आहे. म्हणजे भुलवणं झालं तरी 'नाही' म्हणायची जागा उरते.

आणि यिर्मयाचा २० वा अध्याय? तिथे तर 'याखोल'ची माळच आहे. ७ व्या वचनात देवाची सरशी होते. ९ व्यात यिर्मया म्हणतो, देवाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं तर हाडांत कोंडलेल्या आगीसारखं होतं, दाबून ठेवता येत नाही: 'मी शकत नाही', तेच क्रियापद. १० व्यात त्याचे जवळचे लोक टपून म्हणतात, कदाचित याचं 'पाता' होईल आणि आपली याच्यावर सरशी होईल. ११ व्यात यिर्मया म्हणतो, त्यांची सरशी होणार नाही. पाच वचनांत चार वेळा 'याखोल', आणि पहिल्या व चौथ्या वचनात 'पाता'. देवाने याला भुलवलं आणि जिंकलं. शेजाऱ्यांनाही तेच करायचं आहे, पण जमणार नाही. कवितेची सगळी बांधणी या दोन शब्दांवर उभी आहे.

म्हणून भाषांतरकाराने ७ व्या वचनात एक शब्द आणि १० व्यात दुसरा घातला, की ही बांधणी मोडते. एकीकडे 'फसवलंस' आणि दुसरीकडे 'कदाचित तो मोहात पडेल' असं आलं, तर दोन्ही जागी हिब्रूत एकच क्रियापद आहे हे मराठी वाचकाला कळायला मार्गच राहत नाही.

क्लाइन्स आणि गन यांच्याशी माझा मतभेद एवढाच की ते 'समजावण्या'वर भर देतात तेव्हा शब्द फार सौम्य होतो. 'वा-एप्पात' हे निफाल विसरता येत नाही. प्रयत्न झाला आणि तो लागलाही. आणि यहेज्केलाच्या १४ व्या अध्यायात हाच शब्द खोट्या संदेष्ट्यासाठी आहे: संदेष्टा 'पाता' होऊन बोलला तर मीच त्याला 'पाता' केलं, असं देव म्हणतो. अहाबाच्या चारशे संदेष्ट्यांची आठवण यिर्मयाच्या श्रोत्यांना झाली नसेल कशी? सगळं शहर हसतंय, सांगितलेलं संकट येत नाहीये, अशा वेळी हा शब्द तोंडात येणं म्हणजे 'मी त्या चारशेंपैकीच एक तर नाही ना' ही भीती. 'समजावलंस' म्हटलं की ही भीती निघून जाते.

मग 'फसवलंस' का नाही? याचं उत्तर यिर्मयानेच दिलं आहे. ४ थ्या अध्यायाच्या १० व्या वचनात तो देवाला तोंडावर म्हणतो की तू या लोकांना फसवलंस, शांती मिळेल म्हणालास आणि तलवार गळ्याशी आली. पण तिथलं क्रियापद वेगळं आहे: 'हिश्शी'. उत्पत्तीच्या ३ ऱ्या अध्यायात सर्पाबद्दल हव्वा जे क्रियापद वापरते तेच. म्हणजे देवाला 'फसवलंस' म्हणायची यिर्मयाला भीती नव्हती, आणि शब्दही ठाऊक होता. लोकांबद्दल बोलताना त्याने तो वापरला. स्वतःबद्दल बोलताना मात्र त्याने 'पाता' निवडला. ही निवड पुसून टाकायचा हक्क भाषांतरकाराला नाही.

मला या निवडीचं कारण १ ल्या अध्यायात दिसतं. बोलावणं आलं तेव्हा यिर्मया म्हणाला होता, मला बोलता येत नाही, मी 'नअर' आहे, पोर आहे. नीतिसूत्रांच्या सुरुवातीलाच, १ ल्या अध्यायाच्या ४ थ्या वचनात, 'पेती' आणि 'नअर' जोडीने येतात: भोळ्याला शहाणपण, पोराला ज्ञान. ७ व्या अध्यायातही परक्या बाईच्या दाराशी घुटमळणारा तो पेतींमधला एक नअर. म्हणजे हिब्रू कानाला ही जोडी परिचयाची. मी पोर होतो, तू मला भुलवलंस, आणि मी भुललो. या तक्रारीत देवावर आरोप आहे आणि स्वतःच्या भोळेपणाची कबुलीही आहे. 'फसलो' म्हणणारा माणूस सगळा दोष दुसऱ्याला देतो. 'भुललो' म्हणणारा आपलाही वाटा उचलतो, तरी भुलवणाऱ्याला सोडत नाही.

बाहेरच्या भाषांतरांची तऱ्हा पाहिली तर मराठीचं नशीब चांगलं म्हणावं लागेल. प्राचीन ग्रीक भाषांतराने इथे सरळ फसवण्याचं क्रियापद घेतलं. लॅटिनमध्ये जेरोमने वाट चुकवण्याचं घेतलं. लूथरने जर्मनमध्ये मन वळवण्याचं. १६११ च्या इंग्रजी बायबलने मजकुरात फसवणं ठेवलं आणि समासात मोहात पाडणं टिपून ठेवलं. प्रत्येकाने एकेक बाजू उचलली. मराठीत भुलणे-भुलवणे ही जोडी तयारच आहे. धातू एकच, आणि एकाच वचनात दोनदा वापरता येतो. मूल खेळण्याने भुलतं, माणूस रूपाला भुलतो, भक्त देवाला भुलतो, वाटसरू रस्ता भुलतो. खोटं असो नसो, शब्द तुटत नाही.

सगळीकडे 'भुलवणे'च घालावं असं मात्र माझं म्हणणं नाही. निर्गमातल्या कायद्याला 'फूस लावणे'च हवं, कारण तिथे मुलीच्या बापाला आणि गावाला कळेल अशी भाषा पाहिजे. राजाधिकाऱ्याचं मनच वळायला हवं. जिथे ओठ आणि खोटी साक्ष आहे तिथे 'फसवणे' चालेल. पण यिर्मयाच्या २० व्या अध्यायात ७ व्या आणि १० व्या वचनात एकच धातू ठेवावा, आणि तो 'फसवणे' नसावा. एवढी एक दुरुस्ती झाली तरी मराठी वाचकाला दिसेल की तो संदेष्टा देवाला खोटं ठरवत नाहीये. आपण कुणाच्या हाकेला ओ दिली आणि त्याची किंमत काय पडली, याचा हिशेब तो मांडतोय.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातलं मराठी बायबल आहे, मग ते बेळगावात असोत की गोव्यात, त्यांनी ही दोन वचनं शेजारी शेजारी काढून बघावीत, आणि ४ थ्या अध्यायाचं १० वं वचनही. तिन्ही ठिकाणी काय छापलंय, एकच शब्द की वेगवेगळे, हे साल आणि आवृत्तीसह मंडळाला कळवलं तर आपल्या भागात हे वचन कसकसं वाचलं गेलं याचा इतिहास जुळवता येईल.